दिसत नाही ते काम

माझ्या मोठ्या जाऊबाईंना कुणी चांगलं म्हटलं, की त्या आधी त्या माणसाचा चेहरा निरखतात. याला आता काय हवंय, हा त्यांचा पहिला प्रश्न. माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्या भाजीचं कौतुक केलं, तर त्यांनी विचारलं, उद्या उशिरा उठायचंय का? उठायचं होतं, हा भाग वेगळा.

आम्ही दोघी एकाच दुकानात कामाला आहोत. लोक तिथे कोट, स्वेटर धुवायला आणि दुरुस्तीला टाकतात. मी मागे इस्त्री करते, जाऊबाई खिडकीशी बसून रफू करतात. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे काढायचे आणि त्याच विणीत एकेक ओवून भोक बुजवायचं. बावीस वर्षं त्या हेच करताहेत. या कामाची खोड अशी की ते चांगलं झालं तर कुणाला दिसतच नाही, आणि बिघडलं तर गिऱ्हाईक बरोबर त्यावर बोट ठेवतं. त्यामुळे बावीस वर्षांत त्यांच्या कानावर आल्या त्या फक्त तक्रारी. कुणी नुसत्या कपाळाला आठ्या घातल्या, तरी त्या न बघताच म्हणायच्या, द्या, पुन्हा करते. चांगलं रफू उसवून पुन्हा करताना मी त्यांना कितीदा पाहिलंय. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशा बाईंना मालकांनी बोलावून सांगितलं, यापुढे दुकानातून बाहेर जाणारा प्रत्येक कपडा तुम्ही तपासायचा, आणि दोन नव्या बायका येतील त्यांना रफू शिकवायचं. जाऊबाईंनी आठ दिवसांची मुदत मागितली.

"शिकवून झालं की मला नारळ," घरी जाताना त्या म्हणाल्या.

मग पुरावे गोळा व्हायला लागले. मालकांनी त्यांच्या खिडकीची काच पुसून घेतली: नवीन माणसासाठी. डोळे बरे आहेत ना विचारलं: कारण शोधताहेत. एकदा चहाचा कप स्वतः आणून दिला. त्या दिवशी तर त्या जेवल्या नाहीत. संशय सर्दीसारखा असतो, घरात एकाला झाला की सगळ्यांना होतो. शेवटी मीच मालकांना गाठून सरळ विचारलं. तुम्ही दोघी एकाच घरातल्या हे कळतं, एवढंच म्हणून ते निघून गेले. आता याचा अर्थ काय लावायचा?

सातव्या दिवशी एक बाई राखाडी कोट घेऊन आल्या. तो त्यांच्या वडिलांचा, कोपराजवळ जळून भोक पडलेला. आम्ही तो कालच रफू करून दिला होता.

"हा माझा कोट नव्हे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बदललात. माझ्याला भोक होतं, याला भोकही नाही आणि रफूही नाही."

मालकांनी जाऊबाईंना बाहेर बोलावलं. जाऊबाईंनी बाही उजेडात धरली, उलटसुलट केली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनाही काही दिसेना. कोट खरंच बदलला की काय, अशी शंका मलाही आली. मग त्यांनी डोळे मिटून कोपरावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या.

"इथे आहे."

बाईंचा विश्वास बसेना. खरं असेल तर उसवून दाखवा, म्हणाल्या. दारात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मालक हळूच म्हणाले, चार धागे काढा आणि विषय मिटवा. जाऊबाईंनी कात्री उचलली. मी मनात म्हटलं, झालं, यांचं तेच.

पण त्यांनी कापलं ते बाहीच्या आतलं अस्तर. आतली दुमड उलटून दाखवली. जिथून धागे काढले होते, तिथलं कापड विरळ होतं.

"तुमच्याच कोटाचे धागे आहेत, बाई. तीन दिवस बसून घातलेत. रफू मी उसवणार नाही. ते चांगलं झालंय."

त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आणि त्यांनी मानही खाली घातली नाही. बाईंनी दुमडीला हात लावला, मग कोपराला. पुढे कितीतरी वेळ त्या बाहीवरून हात फिरवत राहिल्या. मला रडू आलं, ते मी इस्त्रीच्या वाफेवर ढकललं.

अस्तर पुन्हा शिवून कोट दिल्यावर जाऊबाई मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उद्यापासून शिकवते," त्या म्हणाल्या. "आणि शिकवून झाल्यावर मला काढायचं मनात असेल, तर खुशाल काढा. दुसरं दुकान मला उभ्या उभ्या ठेवून घेईल."