दाराआड ऐकलेलं उत्तर

सिंधु नांदेडकडच्या लोहा गावची. बी.ए. झालेली, आणि आठ वर्षांपूर्वी नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेली. लातूरच्या एका संस्थेत तिला काम मिळालं ते प्रश्न तपासायचं. मोठं सर्वेक्षण पुढं होणार होतं. त्यातले प्रश्न लोकांना नीट कळतात का, हे आधी तऱ्हेतऱ्हेच्या जोडप्यांकडं जाऊन बघायचं. दोघांना वेगवेगळं बसवून विचारायचं: विवाहित, अविवाहित, विधवा किंवा विधुर, घटस्फोटित, विभक्त, यांतलं तुम्ही कोण?

डाळमिलच्या मागं पत्र्याच्या एका खोलीत दगडोबा आणि गंगम्मा राहत होते. तो मिलमध्ये हमाल, ती तिथंच डाळ निवडायची. एकोणीस वर्षांचा संसार.

"लगीन झालेली लिही," गंगम्मानं लगेच सांगितलं.

"कधी झालं, मावशी?"

"देगलूरला, देवळात. हार घातले हुते." ती जराशी लाजली. "दोघंच हुतो."

मग सिंधुनं दगडोबाला बाहेर बाजेवर बसवलं. एकाचं उत्तर दुसऱ्याला ऐकू जाऊ नये असा नियम होता. पण दार नुसतं लोटलेलं होतं, ऊन चढलं होतं आणि अजून तीन घरं राहिली होती.

"विवाहित," दगडोबा म्हणाला.

"गंगम्माबाईंशी?"

"न्हाई, न्हाई. बायकू गावाकडं हाय. लेकरं हायत."

"मग या कोण?"

"ही करून घालते, मॅडम. तिला कामून कागदावर आणायलात?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. गावाकडची बायको गंगम्माला ठाऊक होती. आपण त्याच्या लेखी नुसत्या करून घालणाऱ्या, हे ठाऊक नव्हतं.

ऑफिसात सिंधुनं सर्वेक्षणाचं काम बघणाऱ्या दयानंद सरांना सांगितलं, की लग्नाविना सोबत राहणाऱ्यांसाठी एक पर्याय हवा. सरांनी दोन्ही उत्तरं वाचली. "दोघांनाही प्रश्न कळलाय. अडखळलं कुणीच नाही. मग बदलायचं काय?" प्रश्न तसाच राहिला.

पंधरा दिवसांनी ती दुसऱ्या फेरीला गेली, तेव्हा दगडोबा एकटाच स्टोव्हशी खटपट करत होता.

"गेली. उदगीरला, भाचीकडं," तो म्हणाला. "भांडली बी न्हाई."

रविवारी सिंधु एसटीनं उदगीरला गेली. गंगम्मा भाचीचं अंगण झाडत होती.

"मावशी, चूक माझी. दार लावून घ्यायला पाहिजे होतं."

"तुजी कशाची? तू एकदा इचारलंस. म्या एकोणीस वर्सं इचारलंच न्हाई."

"परत नाही जाणार?"

"कोण म्हणून जाऊ?"

आतून भाचीनं हाक मारली. दळून आणायचं राहिलं होतं. गंगम्मानं दळणाचा डबा काखेत घेतला. दोघी गिरणीपर्यंत गेल्या. तिथं रांग होती. गंगम्मा रांगेत बसली, आणि सिंधु बसस्टँडकडं वळली.