निळ्या शाईचा गोल
सहा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, माझी आत्या सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने, गेली. काल झेंडूचा वास आला आणि तिचा सुजलेला अंगठा आठवला. माळा ओवताना त्यात सुई घुसली होती. हळद दाबून ती पंचवटीच्या बाजारात फुले विकत राहिली. तिसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली, तेव्हा मी तिला जवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहिला. “मावशी, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, उलट कमीच आहेत. म्हणजे जंतुसंसर्ग नाही. घरी जाऊन झोपा.” “दसऱ्याच्या तोंडावर झोपायला मी काय पाटलीण हाय?” थंडीने दात वाजत असतानाही ती म्हणाली. मी तिला घरी आणले. दोन दिवसांनी मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी तोच कागद पाहून विचारले, “हा आकडा बघून हिला घरी कुणी पाठवलं?” अशा तापात पेशी कमी होणे हीच धोक्याची खूण असते, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीही त्यात मरतात, मग जंतूंना अडवायला काही उरत नाही, असे त्यांनी सांगितले. पहिला दवाखाना आजही सुरू आहे. अहवाल माझ्याकडे आहे. पांढऱ्या पेशींच्या आकड्याभोवती निळ्या शाईने गोल केलेला आहे आणि शेजारी ‘ठीक’ असे लिहिले आहे.