बिनचिठ्ठीचा मिक्सर

सूसमधल्या आमच्या सोसायटीत एक नियम आहे. कामवाल्या बाईला कुणी काही दिलं, तर तिच्याकडे घरमालकाच्या सहीची चिठ्ठी हवी, नाहीतर गेटवर पिशवी अडते. हा नियम पहिल्यापासून माझ्या डोक्यात जातो.

माझ्याकडची बाई रिहे गावाहून पहिल्या बसने यायची. माझ्यासकट चार घरं होती तिच्याकडे. सासूला दात उरलेले नाहीत, म्हणून घरी गेल्यावर सगळं पाट्यावर वाटायचं. मनगट कायम सुजलेलं. मी माझा जवळजवळ नवा मिक्सर तिच्या पिशवीत घातला. चिठ्ठी दिली नाही. आम्ही ख्रिस्ती, दान गुपचूप करावं हे संडे स्कूलपासून अंगात मुरलेलं. आपल्या चांगुलपणावर सही काय ठोकायची, असा माझा तोरा! वर तिला बजावलं, "कुणाला सांगू नकोस हं."

गेटवर पिशवी उघडली गेली. कुणी दिला विचारल्यावर ती गप्पच राहिली. थोड्याच वेळात सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो आला, पायाशी मिक्सर. खाली प्रश्न, 'हा कुणाचा?'

मी टाइप केलं, 'मी दिलाय.' आणि पुसलं. नाताळात मुलांना केक वाटले, तेव्हा याच ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'इथे धर्मप्रसार नको', पुढे हसरा चेहरा. आता म्हणतील, मिक्सर देऊन बाईला बाटवायला निघाली. उद्या अध्यक्षांना घरी जाऊन शांतपणे सांगू, असं ठरवलं आणि दुपारभर कपाटं आवरत बसले. त्या आवरलेल्या कपाटांची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "अहो काकू, कालच बोलायचं ना! लोकांनी दुसरी बाई बघितलीसुद्धा." मग मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले. तिचा बंद केलेला गेटपास पुन्हा सुरू झाला, पण बाकीची तीन घरं गेली ती गेलीच. ती माझ्याकडेही आली नाही.

रविवारी चर्चला न जाता मी गेटवर अडवून ठेवलेला मिक्सर सोडवला आणि तो घेऊन रिह्याला गेले. भात कापलेली खाचरं कोरडी पडली होती. ती अंगणात तांदूळ निवडत होती.

"माझं नाव का नाही गं सांगितलंस?" मी विचारलं. हे विचारायला माझी जीभ रेटली तरी कशी!

"तुमीच म्हनला व्हता, कुनाला सांगू नको म्हून." तिने सुपावरून मान वर केली नाही. "वाटलं, तुमी याल खाली. बस गेली तरी थांबले गेटापाशी. आता हितं गावात समदी चोर म्हन्त्यात."

मी पिशवी पुढे केली. तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"चिठ्ठी आनलीया का, ताई?"

नव्हती आणली. पर्समध्ये मागच्या रविवारचा, चर्चमधल्या उपासनेचा छापील कागद होता. त्याच्या पाठीवर लिहिलं, मिक्सर मी दिला आहे. खाली नाव, फ्लॅट नंबर, सही.

तिने तो दोनदा वाचला. मिक्सर अंगणातच राहू दिला आणि चिठ्ठी घेऊन ती शेजारच्या घरी दाखवायला गेली.