जाईबाईचं मडकं आणि शनिवारचे मासे

जाईबाई गावित यांच्यावर अन्याय झाला तो यंदा, २००४ साली, पोळा उलटल्यावरच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, नाशिकच्या द्वारका चौकात. जाईबाई तेव्हा तिथे नव्हत्या. त्या पेठ तालुक्यातल्या आपल्या पाड्यावर (लहान वस्तीवर) होत्या. द्वारकाला मी होते. हातात पत्रकांचा गठ्ठा होता आणि वर ठळक अक्षरांत मथळा होता : ‘मडकं ओतलं, मासे मेले!’ लिहिणारी मीच, अंधश्रद्धाविरोधी संघटनेची कार्यकर्ती.

हकिगत मला संघटनेच्या पेठच्या माणसाने फोनवर कळवली होती. पाड्यावरच्या बायकांच्या बचत गटाने नवं तळं खणलं, ब्लीचिंग पावडर टाकून स्वच्छ केलं, त्यात सरकारी मत्स्यबीज सोडलं. मग गटातल्याच एका बाईने जुन्या गावतळ्यातला गाळ मडक्यात भरला, वर दोन फुलं टाकली आणि मडकं या स्वच्छ पाण्यात रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगले. अंधश्रद्धेचा याहून ढळढळीत पुरावा काय हवा? तासाभरात पत्रक तयार. बाईचं नावसुद्धा छापलं. राग आला की माझा हात फार भराभर चालतो.

त्याच संध्याकाळी एक फोन आला. “तुमच्या पत्रकातलं तिसरं वाक्य कशावरून?”

बोलणारा हेमंत देवरे. घर नामपूरचं, कांद्यावर पोसलेलं. पण हा गडी नाशिकच्या कॉलेजात मासे पाळायच्या तळ्यांतल्या जंतूंवर संशोधन करत होता. तिसरं वाक्य होतं, ‘या घाणीनेच मासे मेले.’

“दिसतंय की सरळ,” मी म्हटलं.

“मला नाही दिसत. शुक्रवारी तिकडे जातोय, पाण्याचे नमुने आणायला. हिंमत असेल तर चला.”

हिंमत काढल्यावर मी घरी बसणार होते होय?

शुक्रवारी सकाळी पेठच्या एसटीत बसलो. हेमंतच्या पायाशी बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी आणि मांडीवर ऑक्सिजनने फुगवलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पाणी आणि पाण्यात जिरे. हो, माशांच्या इवल्याशा पिल्लांना जिरेच म्हणतात आणि दिसतातही तशीच, फक्त डोळे असलेली. कंडक्टरने वाकून पाहिलं. “ह्यांची तिकिटं?”

“पाच वर्षांच्या आतली आहेत,” हेमंत म्हणाला.

सावळघाटात गाडी तापली आणि बसली. ऊन चढू लागलं, तसा हेमंतचा चेहरा उतरू लागला. पिशवी तापली तर जिरे संपले. मी नेहमीप्रमाणे एसटीच्या कारभारावर बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या म्हातारीने आपली छत्री उघडून पिशवीवर धरली. कोणीतरी पंचा ओला करून आणला. पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर सावलीसावलीने फिरली. “जित्ती हायेत का?” दर पाच मिनिटांनी चौकशी. दीड तासाने गाडी हलली तेव्हा अख्ख्या एसटीला त्या पिल्लांचा लळा लागला होता.

वाटेत मी विचारलं, “ब्लीचिंगने जंतू मरतात ना? मग चांगलंच की.”

“सगळेच मरतात. वाईट आणि कामाचेही.” त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्याकडेला जमीन खरवडून ठेवली होती आणि तिच्यावर काँग्रेस गवत माजलं होतं. “रान मोकळं केलं की आधी काय उगवतं? तेच पाण्यात. माशाच्या कल्ल्यांत, पोटात, अंगावरच्या बुळबुळीत थरात जंतू असायचेच. जुन्या तळ्यात ते एकमेकांना आवरून असतात. कोऱ्या पाण्यात जो भराभर वाढतो त्याचं राज्य. तो पिल्लांना बाधणारा निघाला, तर झालं.”

डोंगरउतारावर खुरासणी (कारळं) पिवळीधमक फुलली होती. पाड्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. जाईबाई अंगण सारवत होत्या. पन्नाशीच्या, काटक. मी सांगून टाकलं, “तो कागद मी लिहिला.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तू? मला वाटलं कोन मोठी जाडजूड बाई आसंल. जेवलीस का?”

नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाचं घट्ट वरण.

“मडक्यात फुलं कशाला टाकली?” मी विचारलंच.

“नाशिकला पेढ्यावर चांदी लावत्यात, ती कशाला?” हेमंत हसला, त्याला ठसका लागला. जाईबाई पुढे म्हणाल्या, “नवं तळं म्हंजी कोरं पानी. कोऱ्या पान्यात मासा जीव धरत नाय. जुन्या तळ्याचा गाळ लागतो, दुधाला ताक लागतं तसा. बीज सोडायच्या आधीच टाका, म्हनत व्हते मी. कोन ऐकतंय! मग मासं मराया लागलं, तवा गेले मडकं घेऊन.”

हेमंतचं पेन थांबलं. “मरायला लागल्यावर? आधी नाही?”

“उगा कशाला जाईन? सोमवारी गेले.”

एकाच तोंडाचं ऐकून चालणार नाही, हेमंत म्हणाला. आम्ही तळ्याकडे निघालो. जाईबाई ऐनाच्या झाडापाशी थांबल्या. “माझी हद्द इथवर आहा (आहे).” गटाने त्यांना काढलं होतं, बांधावर पाय ठेवायची मनाई होती. तो बांध घालताना मातीच्या पाट्या त्यांनीही वाहिल्या होत्या.

गटाच्या अध्यक्ष सुमनबाई बांधावर होत्या. हेमंतने एकच प्रश्न विचारला, जो मी फोनवर विचारला नव्हता. “पहिली मेलेली मासळी कोणी पाहिली आणि कधी?”

सुमनबाईंनी बांधाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “मीच. शनवारी. वंजळभर व्हती. पुरून टाकली. म्हनलं, बोभाटा झाला तर योजना बंद करतील.”

“मग जाईबाईंवर आलं तेव्हा बोलला का नाहीत?” माझा आवाज चढला.

“कोनी इचारलं?” त्या माझ्याकडेच पाहत होत्या. “कागदच आला छापून. छापल्यावर कोन इचारतं?”

पावडरीबरोबर मिळालेलं माहितीपत्रक त्यांनी घरून आणलं. पावडरीनंतर शेण टाका, पाणी हिरवं होईपर्यंत थांबा, मगच बीज सोडा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण बीजाची गाडी त्याच आठवड्यात यायची होती. कोणी थांबलं नाही. थांबा म्हणणारी एकच होती.

मी लगेच पेटले. “म्हणजे मडक्यानेच मासे वाचतात! मी आजच नवं पत्रक...”

“फिरी तेच शे (पुन्हा तेच),” हेमंत म्हणाला. चिडला की तो घरच्या अहिराणीत जातो. मग त्याने जाईबाईंच्या ओसरीवर सहा टब मांडले, सगळ्यांत पावडर मारून वास जाईपर्यंत ठेवलेलं एकच पाणी. तिघांत जुन्या तळ्याचा गाळ जाईबाईंनी स्वतःच्या हाताने घातला. जिरे सहाही टबांत सोडले. “मडक्याने तारलं असतं का, ते हे टब सांगतील, तेही लगेच नाही. मडक्याने मारलं नाही, ते शनिवारने सांगितलंय.”

निघताना मी सुमनबाईंना म्हटलं, “आता जाईबाईंना परत घ्या.”

“घेईन. पन तुमचा कागद पेठच्या बाजारात वाटलाय. मी तोंडानं सांगनार, तो छापलेला. आधी तुमी तुमचा कागद खोटा करा, ताई.”

पाड्यावरच्या शाळेच्या भिंतीवरचं पत्रक मी नखांनी खरवडलं. खळ चांगली घट्ट लावली होती आमच्याच माणसाने. रविवारच्या गाडीने परतलो. पेटीतला, तळ्याच्या पाण्याच्या नमुन्यांभोवतीचा बर्फ वाटेतच संपला, तेव्हा पेठला गोळेवाल्याकडून नवा भरून घेतला. द्वारकाला उतरले तर समोर विजेच्या खांबावर माझंच पत्रक. खाली एक कॉलेजची मुलगी ते मन लावून वाचत होती आणि पटल्यासारखी मान हलवत होती.

‘पुरावा मागा’ असं आम्ही दर पत्रकाच्या तळाला छापतो. मी जाईबाईंकडे पुरावा मागितला नाही, वारसुद्धा विचारला नाही. त्या बाईने पाण्याकडे पाहून जे ओळखलं, ते अडाणीपणात जमा करायला मला त्यांचं लुगडं आणि दोन फुलं पुरली. टबांचं उत्तर यायचंय. ते काहीही आलं, तरी जाईबाईंना ऐनाच्या झाडापाशी उभं ठेवायचं कारण उरलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. ते पत्रक तुमच्या घरात, दुकानात, कॉलेजात असेल तर फाडू नका. तिसरं वाक्य काट मारून खोडा. वर मोठ्या अक्षरांत लिहा : ‘मासे शनिवारी मरू लागले. मडकं सोमवारी ओतलं.’ आणि जिथे मिळालं होतं तिथेच, चारचौघांना दिसेल असं, परत लावा. पेठचा पुढचा बाजार भरायच्या आत.