उलट्या बाजूचा फोटो

श्रीमती धुरपताबाई राठोड यांची माझी ओळख झाली दारव्ह्याच्या आठवडी बाजारात. त्यांच्या दुकानातली आरसे-कवड्या लावलेली एक पिशवी मला आवडली, म्हणून मी मोबाईल काढला, तर बाईंनी झटकन तिच्यावर ओढणी टाकली. "फोटो काहून काढून राह्यल्या? घ्याची असंल तर घ्या." मी शिवणवर्गाची शिक्षिका, भर बाजारात असं कोणी मला बोललं नव्हतं. रागच आला. पिशवी मात्र घेतली, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तिथेच गेले.

बाईंच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कशिद्याविषयी जाणकार लिहितीलच. मी त्यांच्या संशयाविषयी लिहिते, कारण तो मी रोज सोसला आहे. पाहुण्याने चहा नको म्हटला तरी त्यांना संशय, दोनदा घेतला तरी संशय. त्याला कारणही घडलं होतं. शहरातलं कोणीतरी त्यांच्या बंजारा वस्तीत, तांड्यावर, येऊन नमुन्यांचं तोंडभरून कौतुक करून गेलं, आणि पुढे तीच वेल मशीनवर काढलेली बाजारात टांगलेली दिसली. तांड्यातल्या ज्या बायकांना बाईंनी हाताला धरून टाके शिकवले, त्यांचा माल मग कोणी विचारेना.

अशातच त्यांच्या सुनेने, कविताने, ऊसतोडीला जायचं मनावर घेतलं. मुकादमाला होकार तेवढा द्यायचा राहिला होता. ती गेली असती तर तिच्यासोबत लहानग्या नातीची शाळाही गेली असती. बाईंचा जीव तिथे अडकला होता. मी म्हटलं, बाई, ब्लॉग लिहू, फोटो फेसबुकवर टाकू, गिऱ्हाईक आता तिथे आहे. "म्हणजे चोराले घरचा पत्ता देऊ," त्या म्हणाल्या. नातीकडे पाहून शेवटी तयार झाल्या, पण एका अटीवर: फोटो फक्त उलट्या बाजूचा. सुलट्या बाजूची नक्षी चोरता येते, उलट्या बाजूवरून कोणाला काय कळणार? मी कपाळावर हात मारून घेतला. मजकूर त्या सांगत, मी टाइप करी. आणि मजकूर तरी काय? "पाहा, पण नमुना मागू नका." असा ब्लॉग आपल्यापैकी कोणी पाहिला असेल तर मला कळवावं.

बरेच दिवस कुत्रं फिरकलं नाही. मग नागपूरच्या एका कापडदुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं, ही उलटी बाजू इतकी स्वच्छ ठेवणारी बाई कोण? हाताचं काम पारखायला त्या आधी कापड उलटून पाहत. अहो, तांड्यातसुद्धा लग्नात आलेली काचळी, म्हणजे आरशांची चोळी, म्हाताऱ्या आधी उलटूनच पाहतात. गाठी कुठे दडवल्या, दोरा कुठे ओढला, सगळं तिथे कळतं. लपवायला म्हणून बाईंनी नेमकं तेच जगापुढे मांडलं होतं.

त्यांना मात्र आनंद झाला नाही. "इतकं गोड लिवते, म्हंजे पक्की चोर." मालकीणबाई तांड्यावर आल्या, तेव्हा पाणी द्यायच्या आधी बाईंनी त्यांच्या हातात सुई दिली आणि टाका घालून दाखवायला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकीणबाईंनी टाका घातला. बाईंनी कापड उलटून बराच वेळ पाहिलं, मग कविताला चहा टाकायला सांगितलं. त्या दुकानाचं काम आजही चालू आहे. मुकादमाला होकार गेला नाही, आणि नात शाळेतच राहिली.

आता मोबाईल बाईंच्याच कमरेला असतो. किती जणांनी पाहिलं ते रोज विचारतात, आणि आकडा सांगितला की म्हणतात, एवढे लोक कायले पाहून राह्यले? पण मी तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा घरी पहिल्या आल्या त्या याच. माझ्या औषधांवरच्या मुदतीच्या तारखा नातीकडून वाचून घेतल्या आणि मगच मला गोळी घेऊ दिली.

या ग्रंथाचं मी सांगितलं, तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगा, डॉक्टरनं माह्याबद्दल काही सांगतलं काय? जित्या माणसाबद्दल इतकं चांगलं कोणी लिवत नाही."

नाही हो बाई, डॉक्टर काहीही म्हणालेले नाहीत. तुम्ही धडधाकट आहात आणि पुष्कळ वर्षं तशाच राहा. आम्हाला तुम्ही हव्या आहात, एवढं एक तरी बिनसंशय घ्या.