हळद लागलेली पट्टी

काल अकोल्याला माझ्या घरी पियानो दुरुस्त करणारा आला होता. त्यानं झाकण उघडलं, कडेच्या पट्टीवरचा पिवळा ठिपका दिसला आणि मी मनानं थेट लहानपणीच्या, अमरावतीच्या आमच्या बैठकीत पोचले.

माझ्या वकील वडिलांनी हा पियानो तेव्हा एका जुन्या बंगल्यातून नुकताच आणला होता. पांढऱ्या पट्टीवरची केसाएवढी बारीक सांध्याची रेघ दाखवत बाबा म्हणाले, "हे अस्सल हस्तिदंत आहे. दोन तुकडे जोडून बसवतात, म्हणून ही रेघ."

"हत्तीचा दात? मंग हा तं गणपतीचाच झाला!" आई म्हणाली. खंडेनवमीला बाबांच्या कायद्याच्या पुस्तकांसोबत तिनं पियानोही पुजला आणि कडेच्या पट्टीवर हळदीचं बोट टेकवलं.

बाबा ओरडले, "काहून लावलं? डाग पडन ना!"

"देवाले लावतो, तवा डाग मनता का तुमी?"

मी तेव्हा पोट धरून हसले होते.

काल जाताना दुरुस्तीवाला बजावून गेला, "झाकण उघडं ठेवत जा. उजेडात हस्तिदंत पांढरं राहतं. हळदही उडून जाईल."

आज सकाळी मी झाकण उघडलं. त्या एका पट्टीवर मात्र आईच्या जुन्या पातळाची घडी ठेवली.