सगळ्या पुरुषांना एकच प्रश्न विचारणारे डॉक्टर ओझरकर

डॉ. श्रीधर ओझरकर यांची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. वडगावात तहसील कचेरीच्या मागे त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता, आजही तिथेच आहे. माझी नर्सिंगची प्रमाणपत्रे त्यांनी पाहून बाजूला ठेवली आणि विचारले, "पेशंट खोटं बोलला तर काय कराल?"

"खरं बोलायला लावीन," मी म्हणाले.

"उद्यापासून या. पण ते इतकं सोपं नाही."

या गोष्टीला सव्वीस वर्षे झाली. ते सोपे का नाही, हे मला तीन वर्षांपूर्वी कळले.

डॉक्टरांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात बाकीची मंडळी त्यांच्या शिबिरांबद्दल आणि शाळेला दिलेल्या वेळेबद्दल लिहितील. मी पुरुषांच्या शिश्नावरच्या कातडीला येणारी सूज, लाली आणि खाज याबद्दल लिहिणार आहे. संपादकांनी "जरा सौम्य शब्दांत" अशी सूचना केली होती. सौम्य शब्दांमुळेच हा त्रास अंगावर काढला जातो, म्हणून मी ती मानलेली नाही.

आमच्याकडे पुरुष हे दुखणे घेऊन आला की कंबर दुखते म्हणून सांगतो. कंबरेच्या गोळ्या घेतो आणि जाता जाता औषधाच्या दुकानातून खाजेची मिळेल ती ट्यूब घेतो. चार दिवस बरे वाटते, मग दुप्पट आग होते.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टर आठ दिवसांसाठी मुलीकडे गेले होते. ड्रेसिंग आणि रक्तदाब एवढे मी पाहत होते. तेव्हा भरतराव आले. नाव बदलले आहे. हा मजकूर मी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला वाचून दाखवला असून दोघांची परवानगी आहे. वय चव्वेचाळीस, नोकरी देहूरोडला.

"कंबर दुखती," ते म्हणाले.

"कुठं? दाखवा."

"कंबर न्हाई, बाई. जरा खाली. आग होती. कातडीला चिरा पडल्यात."

मी दोन खोल्यांमधल्या दारात उभी होते. तिथूनच विचारले, "बाहेर कुठं जाता का?"

"न्हाई वो."

"मग स्वच्छता ठेवा. दिवसातून तीनदा साबणानं धुवायचं, पाण्यात जंतुनाशक टाकायचं."

माझा आवाज लहान नाही. बाहेरच्या खोलीत बाकावर त्यांच्या भावकीतली एक बाई बसली होती. संध्याकाळच्या आत माझा प्रश्न भरतरावांच्या घरी पोचला, आणि तिथे पोचेपर्यंत त्याचे उत्तर झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी, सुनंदाताई, मुलीला घेऊन कामशेतजवळ माहेरी निघून गेल्या. त्यांच्या भावाने भरतरावांना फोनवर सांगितले, "हितं पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन."

डॉक्टर परतल्यावर भरतराव पुन्हा आले. साबणाने आणि जंतुनाशकाने कातडी सोलवटली होती. सूज वाढली होती. काय घडले ते मी डॉक्टरांना सांगितले. दार लावून त्यांनी भरतरावांना विचारले, "रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"तीन-चारदा."

"तहान?"

"लय."

"लघवी करता तिथं मुंग्या येतात?"

भरतराव दचकले. "तुमाला कुनी सांगितलं?"

"मुंग्यांनी."

डॉक्टरांनी नीट तपासले आणि बोटातून रक्त काढले. साखर भलतीच वाढलेली होती. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून जे सांगितले, तेच इथे लिहिते. रक्तात साखर वाढली की ती लघवीत उतरते, कातडीखाली ओल राहते आणि तिथे बुरशी वाढते. साबण आणि जंतुनाशक त्या नाजूक कातडीला जाळतात. दिवसातून एकदा, कातडी सहज सरकेल तेवढीच मागे घेऊन साध्या पाण्याने धुवायचे. ओढाताण करायची नाही. टिपून कोरडे करायचे आणि कातडी पुन्हा पुढे आणायची. बुरशीचे मलम सांगितले तितके दिवस लावायचे, आणि साखर आटोक्यात आणायची, नाहीतर दुखणे परत येते. कातडी मागे अडकून बसली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर सर्जनला दाखवायला वेळ लावायचा नाही.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तो सल्ला माझ्या दवाखान्यातून गेलाय. भरतराव हो म्हणाले तर उद्या आपण त्यांच्या सासरी जाऊ."

तोवर मी कधी कुणाच्या दारात माफी मागायला गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले. भरतराव तंगडीच्या काळजीने डॉक्टरांच्या गाडीतच बसून राहिले. मेहुणे दारात आडवे उभे होते.

"डॉक्टर, तुमी कशाला तरास घेतला? त्यानं बाहेरनं रोग आणलाय."

"असा रोग बाहेरून येऊही शकतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तेही तपासलं. तसं काही निघालं नाही. साखर वाढलीय त्यांची. त्यांनीच मला सांगायला सांगितलंय."

आतून सुनंदाताईंचा आवाज आला. "मग ह्या बाईंनी तसं कशाला विचारलं?"

डॉक्टर माझ्या वतीने बोलतील असे मला वाटले होते. ते मला पुढे करून बाजूला सरकले.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "तो प्रश्न दार लावून विचारायचा असतो. उत्तर मिळाल्यावर त्यावर विश्वासही ठेवायचा असतो. आणि साबणाचा सल्ला चुकीचा होता. त्यानं त्यांना जास्त त्रास झाला."

थोड्या वेळाने सुनंदाताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावले. "मलाबी दोन म्हैने खाज हाय," त्या हळू म्हणाल्या. "कुनाला सांगायचं?" तपासणी करून त्यांनाही औषध दिले. नवराबायको दोघांना त्रास असेल तर एकट्याचा इलाज करून भागत नाही. त्या लगेच मात्र परतल्या नाहीत. "आधी त्यांची साखर उतरू दे, मग बघू," म्हणाल्या. तीन आठवड्यांनी भरतरावांचा फोन आला. ते एवढेच म्हणाले, "आली."

डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी दवाखान्याची पद्धत बदलली. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक पुरुषाला, खोकला असो की काटा रुतलेला असो, दार लावून शेवटी विचारले जाते, "खाली लाली, खाज, आग काही?" सगळ्यांनाच विचारले की कुणा एकाला वेगळे वाटत नाही. मी म्हणाले होते की म्हातारी माणसे चिडतील. एक आबा चिडलेही. "डॉक्टर, वय काय माजं, इचारता काय!" आठ दिवसांनी तेच आबा आले. "त्या दिवशी शेवटी काय इचारलं हुतं, ते परत इचारा."

गेल्या महिन्यात भरतराव एका गृहस्थांना दंडाला धरून घेऊन आले. तंगडी मोडायला निघालेले तेच मेहुणे. बाकावर नीट बसवत नव्हते त्यांना. मी दोघांना आत घेतले, दार लावले आणि विचारले, "काय होतंय?"

"कंबर," मेहुणे म्हणाले.

भरतराव म्हणाले, "पाव्हणं, मी पन कंबरच म्हनलो हुतो. बाई, ह्यांना शेवटचा प्रश्न आदी इचारा."

मी हळू आवाजात विचारला.

डॉक्टरांना पुढची अनेक वर्षे निरोगी आणि कामात जावोत, त्यांच्या खोलीचे दार असेच लागत आणि उघडत राहो, ही माझी मनापासून इच्छा आहे. दर वाढदिवसाला त्यांची साखर मी तपासते, यंदाही तपासणार आहे. शेवटचा प्रश्न त्यांनाही चुकणार नाही.